दबोराबाईंचा पगार

दौंड, सोमवार, ९ जानेवारी १९६१

ही डायरी शेवंताने पहिल्या तारखेला आणून दिली आणि आठ दिवस कोरीच राहिली. आज पगारपत्रक पहिल्यांदा माझ्या हाताने झाले, आणि लिहायला कारण मिळाले.

आमच्या नियोजित साखर कारखान्याचे अजून धुराडेसुद्धा उभे नाही. दिल्लीचा परवाना यायचा आहे, जागेचे कागद व्हायचे आहेत, शेअर गोळा व्हायचे आहेत. आहे ते एवढेच: स्टेशनजवळच्या तीन भाड्याच्या खोल्या, चेअरमन हौसराव आप्पा, त्यांची जीप, शिपाई संपत, चेअरमनच्या खासगी सचिव दबोराबाई उजागरे आणि मी, सोपानराव धुमाळ, मुख्य लिपिक. अकरा वर्षे शाळामास्तर होतो, गेल्या दिवाळीला इकडे आलो. आप्पा अजून मला मास्तरच म्हणतात.

माझा पगार एकशे पस्तीस. दबोराबाईंचा दोनशे दहा.

दोनदा पाहिले. आकडा बरोबर होता. या बाई शिरूरच्या मिशनच्या शाळेत शिकल्या, पुण्याला जाऊन लघुलिपी आणि टाइपरायटर शिकल्या, तिथल्या एका कंपनीत साहेबाच्या हाताखाली नऊ वर्षे होत्या. दोन वर्षांपूर्वी आप्पांनी त्यांना मागून आणले. सगळे मान्य. पण काम काय? आप्पा सांगणार, बाई लिहून घेणार, टाइप करणार, आप्पा सही करणार. माझ्या चौथीतल्या पोरांना मी शुद्धलेखन घालत असे, तीही ऐकून लिहीतच होती. त्यांना कोणी दोनशे दहा दिले नाहीत.

शेवंताला सांगितले. ती म्हणाली, "आसंल कायतरी." तिला कशाचेच आश्चर्य वाटत नाही.

बुधवार, १८ जानेवारी

भूमिपूजनाची निमंत्रणपत्रिका छापून आली आणि परवाच वाटली. मजकूर माझा. एकवीस नावे होती. कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली यावरून आपल्याकडे माणसे आयुष्यभर रुसतात हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणून मी कोणालाच झुकते माप दिले नाही. हजेरीपटासारखी सगळी नावे अकारविल्हे लावली. तक्रारीला जागाच ठेवली नाही, असे वाटले होते.

आज सकाळी वडगाव रासाईहून निरोप आला. कारखाना रखमाजी आबांनी देऊ केलेल्या चाळीस एकरांवर उभा राहायचा आहे. आबांचे नाव र वरून असल्यामुळे सतरावे आले. त्यांच्या बांधाला बांध असलेला जालिंदर सहावा. या दोघांचे दहा वर्षे बोलणे नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. आबांचा निरोप असा: "जालिंदरच्याच रानात कारखाना बांधा म्हनावं. आमची जमीन न्हाई मिळायची." शिवाय ह हे अक्षर वर्णमालेच्या पार शेवटाला असल्यामुळे खुद्द चेअरमनांचे नाव सगळ्यांत खाली, छापखान्याच्या नावाच्या लगेच वर आले. त्याला मी काय करणार?

आप्पा अकराला आले ते पत्रिका मुठीत धरून. माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. बाईंच्या खोलीत गेले, दार लोटले, आणि पाऊण तास त्यांचा आवाज पार मालधक्क्यापर्यंत जात होता. "मास्तर" आणि "हजेरीपट" हे शब्द मला तीनचारदा ऐकू आले. मग जीप काढून निघून गेले.

मी मुद्दाम पाहिले. पाऊण तास मजकूर सांगितला आणि संध्याकाळपर्यंत जावक नोंदवहीकडे एक कागद आला नाही. बाई खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक करत होत्या.

गुरुवार, १९ जानेवारी

आज तर हद्द झाली. ऑफिस उघडून बसतो न बसतो तो बाई माझ्या टेबलाशी आल्या. "सोपानराव, तुम्ही आज शिरूरला जाऊन या. मामलेदार कचेरीतून वडगावच्या गटांचे उतारे हवे आहेत."

"ते टपालानेही येतात."

"तुम्ही स्वतः गेलात तर बरं. दोन दिवस लागले तरी चालेल. आप्पांना मी सांगते." बोलताना त्यांचे लक्ष सारखे रस्त्याकडे. "साडेनऊची एस.टी. आहे."

मुख्य लिपिकाला टंकलेखिकेने पिटाळावे! पण वाद घालणे माझ्या स्वभावात नाही. गाडी फाट्याला वळली तेव्हा समोरून आप्पांची जीप येताना दिसली. बाईंनी जरा वेळ थांबू दिले असते तर मी त्यांना पत्रिकेमागचे तत्त्व समजावून सांगितले असते.

शिरूर, शुक्रवार, २० जानेवारी

उतारे काल अर्ध्या तासात मिळाले. परत निघणार तोच कचेरीच्या दाराशी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उभे. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. दबोराबाईंचे वडील, विल्यमकाका. मिशनच्या सुतारशाळेत ते कित्येक वर्षे शिकवत होते. म्हणाले, "दबोरानं एस.टी.च्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी पाठवली. धुमाळमास्तर येतील, त्यांना मुक्काम करवा, घाईनं परत पाठवू नका म्हणून."

एवढी सरबराई कशासाठी ते काही कळले नाही. बहुधा पगाराचे मनाला टोचत असावे. मला त्यांच्या घरी जेवायचे की नाही याचा विचार पडला होता, पण म्हाताऱ्याने हात धरला तो सोडलाच नाही. रस्सा झणझणीत होता. घरी सांगायचे की नाही ते नंतर ठरवीन. घर नीटनेटके आहे, पण छपराचे दोन पत्रे गेलेले. म्हातारबुवांच्या डोळ्यांचे ऑपरेशन मार्चअखेर पुण्याला करायचे आहे म्हणून ते काम लांबले, असे बोलता बोलता कळले.

शनिवार, २१ जानेवारी

परत आलो. भीतभीतच ऑफिसात पाय ठेवला, पण आप्पा नुसते "या, मास्तर" म्हणाले आणि आत गेले. एक शब्द जास्त नाही. रागावलेला माणूस दोन दिवसांनी स्वतःच विचार करतो, आणि अकारविल्हे हीच खरी समता आहे हे त्याला पटते, असे माझे मत झाले.

रखमाजी आबाही निवळले. जमीन देत आहेत. संपत सांगत होता, काल दुपारी दबोराबाई एस.टी.ने वडगावला गेल्या होत्या, आबांच्या मंडळी सोजराबाईंकडे दोन तास ओसरीवर बसून वाल निवडत होत्या. कामाच्या दिवशी! मी हजेरीपुस्तकात त्यांची अर्ध्या दिवसाची रजा मांडली. नियम सगळ्यांना सारखा.

सोमवार, ६ फेब्रुवारी

आज संचालक मंडळाच्या सभेत विषय निघाला, आणि तो मी काढला नाही हे इथे स्वच्छ लिहून ठेवतो. भांडगावचे पोपटराव उठले. "आमच्या गावच्या मास्तरला नव्वद रुपये. नर्सबाईला दीडशे. आन् हितं टकटक करायला दोनशे धा? लोकांनी शेअर कशाला घ्यायचं मग?"

आप्पा समोरचे कागद चाळत राहिले. बाई कोपऱ्यात सभेचा वृत्तांत लिहीत होत्या. हे बोलणेही त्यांनी लिहून घेतले असणार. शेवटी ठरले की निरनिराळ्या व्यवसायांचे पगार आणि कामे यांचे तुलनात्मक टिपण मुख्य लिपिकाने करावे आणि मार्चच्या सभेत मांडावे. त्यावरून बाईंना ठेवायचे तर किती पगारावर, ते ठरेल. पोपटराव एकशे वीस म्हणत होते.

बाईंना विचारले, एकशे वीसवर राहाल का. म्हणाल्या, "नाही राहता यायचं. पुण्याच्या कंपनीत विचारावं लागेल." आवाजात काही कमीजास्त नव्हते. वडिलांना एकटे टाकून पुण्याला जावे लागेल, तेवढे मात्र बोलल्या.

माझ्या मनात कोणाचे वाईट नाही. आकडे सांगतील ते खरे.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

आठवडाभर पगार विचारत हिंडलो. लोक वय सांगतात पण पगार सांगत नाहीत. तरी एवढे जमले: प्राथमिक शिक्षक नव्वद ते एकशे दहा, कंपाउंडर पंच्याऐंशी, नर्स दीडशे, एस.टी. ड्रायव्हर एकशे वीस, ओव्हरसियर एकशे ऐंशी.

रेल्वे कॉलनीत जॉर्ज म्हणून इंजिन ड्रायव्हर आहेत, त्यांच्याकडेही गेलो. अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. म्हटले, आपले काम किती तासांचे, वेग किती, त्यावर पगार कसा बसतो? हसले. "मास्तर, गाडी पळवाया काय लागतं? कोळसा टाकला की पळती. समदा पगार थांबवायचा हाय. कुठं थांबवायची, किती आधी दाबायचा ब्रेक. ते जमंना त्याला फुकाट बी ठिवत न्हाईत."

माणूस गमतीचा आहे, पण आकडा काही दिला नाही. त्यांचा रकाना रिकामा ठेवला.

सोमवार, २० फेब्रुवारी

टिपणात "कामाचे स्वरूप" असा एक रकाना आहे. तो भरण्यासाठी आज बाईंनाच सरळ विचारले, दिवसभर आपण नेमके काय करता?

त्यांनी टाइपरायटरवर झाकण घातले. मग म्हणाल्या, "पत्रं लिहून घेते. टाइप करते. दिल्लीची इंग्रजीत करते. कोण कधी येणार ते लक्षात ठेवते. कोणाशी कोणाचं पटत नाही ते लक्षात ठेवते."

"आणि?"

"आणि पुष्कळ विसरते."

मी लिहिले: पत्रलेखन, टंकलेखन, भाषांतर. विसरणे हे काम होत नाही.

सोमवार, २७ फेब्रुवारी

सापडले!

काम मोजायचे तर मोजूनच मोजावे, म्हणून बाईंकडे त्यांची लघुलिपीची वही मागितली. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि दिली. आत सगळ्या रेघोट्या; ती लिपी त्यांच्याशिवाय इथे कोणाला येत नाही. पण प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर तारीख आहे, आणि टाइप झालेल्या मजकुरावर तिरकी रेघ मारलेली आहे. मी जानेवारीपासूनचे मजकूर जावक नोंदवहीशी ताडून पाहिले. आप्पांनी सांगितलेले मजकूर एकशे चार. बाहेर गेलेली पत्रे ब्याण्णव. बारा पत्रे गेलीच नाहीत! त्यांच्यावर रेघही नाही. सगळ्यांत मोठे १८ जानेवारीचे, सहा पाने.

म्हणजे चेअरमन पाऊण पाऊण तास घसा कोरडा करतात आणि बाई टाइप करण्याचा कंटाळा करतात. यावर दोनशे दहा!

मंगळवार, २८ फेब्रुवारी

शेवंताला सांगितले. ती भाकऱ्या थापत होती.

"बारा पत्रं? कुनाकुनाला लिवलेली?"

"ते कसे कळणार? लिपी वेगळी."

"आन् त्या दिसांना आप्पा चिडल्यालं व्हतं का?"

आता हा काय प्रश्न झाला? आप्पा रोजच कोणावर तरी चिडतात. मी तारखा वाचून दाखवल्या. अठरा जानेवारी ऐकून तिचा हात थांबला. "म्हंजी तुमी शिरूरला गेला त्याच्या आदल्या दिशी?"

"हो."

"आन् तुमाला त्यात काय दिसत न्हाई?"

"काय दिसायचे?"

"काय न्हाई. गरम हाय तवर खावा. आन् त्या बाईच्या मागं लागू नगा, सांगून ठिवते."

बायका बायकांची बाजू घेतात.

शनिवार, ४ मार्च

पोपटराव सहज म्हणून आले आणि चहा पिऊन गेले. बारा पत्रांचे ऐकून त्यांनी मांडीवर थाप मारली. जाताना म्हणाले, "बाईंचं नव्वद वाचलं तर त्यातलं तीस हेडक्लार्ककडं का वळू न्हाईत?"

एकशे पासष्ट. मी खोटे लिहिणार नाही: तासभर दुसरे काही सुचले नाही. नंतर मन खाऊ लागले. पण टिपणातला प्रत्येक आकडा खरा आहे. मग मला कशाला काही वाटावे?

बाईंनी आज सुपारी कातरून दिली आणि विचारले, शेवंताबाईंचा खोकला बरा झाला का. मला त्यांच्याकडे बघवले नाही. का ते माहीत नाही.

शुक्रवार, १० मार्च

आजचा दिवस जसा झाला तसा लिहितो.

दुपारी एकला सभा सुरू झाली. मी टिपण वाचले. शिक्षक, नर्स, ओव्हरसियर. मग बारा पत्रांवर आलो. संचालक पुढे सरकून बसले. आप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कंची पत्रं?" ते बाईंकडे वळले. "मी सांगितल्याली पत्रं गेली न्हाईत?"

बाई उभ्या राहिल्या. "काही पत्रं मी लगेच टाइप करत नाही, आप्पा. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याची आठवण काढलीत, तर करते. नाही काढलीत, तर ते वहीतच राहतं."

"वाचून दाखवा म्हनावं!" पोपटराव म्हणाले.

"ही पत्रं आप्पांची आहेत. ते सांगतील तर वाचीन. पण सांगण्याआधी त्यांनी विचार करावा."

आप्पांना असे कोणी चारचौघांत म्हटलेले खपत नाही. "वाचा!"

बाईंनी पहिले उघडले. ते पोपटरावांनाच होते. भांडगावचे शेअर ते मुद्दाम अडवून धरत आहेत, त्यांच्या दारात आपण पुन्हा पाय ठेवणार नाही, आणि संचालकपदाचा राजीनामा आठ दिवसांत न आल्यास भांडगाव कारखान्याच्या हद्दीतून वगळण्यात येईल. पोपटरावांचा चेहरा उतरला. शेअर त्यानंतर पाचच दिवसांनी आले होते, ते मीच जमा करून घेतले. दुसरे दिल्लीच्या परवाना अधिकाऱ्याला. उसाची लागण खालून असते की वरून एवढे तरी ठाऊक आहे का, असे त्यात विचारले होते. दोघेतिघे हसले. आप्पा हसले नाहीत. हात वर करून म्हणाले, "बास झालं."

तिथे मी थांबायला हवे होते. पण मला वाटले, ही तर दोनच झाली. यांतून कामचुकारपणा सिद्ध होत नाही. म्हणून मी माझा सगळ्यांत भक्कम पुरावा पुढे केला. म्हणालो, "अठरा जानेवारीचा मजकूर वाचावा. सहा पाने आहेत आणि त्या दिवशी जावक शून्य."

बाई हळूच म्हणाल्या, "ते नको, सोपानराव."

"नियम तो नियम," मी म्हणालो. हे शब्द माझेच.

आप्पांना ते पत्र आठवतसुद्धा नव्हते. त्यांनी मान हलवली. बाईंनी वहीची पाने उलटली आणि अगदी सपाट आवाजात, कोणाकडेही न बघता वाचू लागल्या. मुख्य लिपिक श्री. सोपानराव धुमाळ यांनी निमंत्रणपत्रिकेवर मानाचा क्रम मोडून कारखान्याची जागा घालवली. अकरा वर्षे पोरांची हजेरी घेऊन ज्याला माणसांची हजेरी घेता येत नाही असा मनुष्य आम्हाला नको. त्यांना आज दुपारपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. प्रत पुण्याला सहकार खात्याकडे, म्हणजे त्यांना दुसऱ्या कोणत्याही संस्थेत नोकरी मिळणार नाही.

पुढची पाने बाईंनी वाचली नाहीत. वही मिटली.

मी उभाच होतो. टिपणाचा कागद हातात. शिरूरची एस.टी., विल्यमकाकांनी धरलेला हात, तो रस्सा, "या, मास्तर", सगळे एकापाठोपाठ एक समजत गेले, आणि प्रत्येकाबरोबर मी आणखी लहान होत गेलो. सात आठवडे मी या बाईंच्या जिवावर नोकरी करत होतो आणि त्याच सात आठवड्यांत त्यांची नोकरी मोजत होतो. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

पण आप्पांचे लक्ष माझ्याकडे नव्हतेच. त्यांना दुसरेच लागले होते. "म्हंजी माजं पत्र जायाचं का ऱ्हायाचं ते ह्या बाई ठरवनार? चेअरमन कोन हितं?" सगळे खाली बघत होते. "लिवा! दबोराबाई उजागरे यांस. चेअरमनच्या हुकमाची अमान्यता केल्याबद्दल आजपासून नोकरीतून कमी करन्यात येत हाय. प्रत पुन्याला."

आणि लिहून घ्यायला दुसरे होते कोण? बाईंनी वही पुन्हा उघडली, पेन्सिल घेतली, आणि स्वतःच्या बडतर्फीचा मजकूर शब्दनशब्द उतरवून घेतला. "अमान्यता" ऐवजी "अवज्ञा" घालू का, एवढे विचारले. आप्पा म्हणाले, घाला.

मला वाटले, हेही उद्यापर्यंत वहीत राहील. पण टाइपरायटरचा आवाज लगेच सुरू झाला. सव्वाचारला पत्र आप्पांच्या सहीनिशी माझ्या टेबलावर आले.

"आजच्या टपालात घाला," बाई म्हणाल्या.

"बाई, उद्या सकाळी..."

"दुसऱ्यांची ठेवता येतात, सोपानराव. स्वतःचं ठेवलं तर ती चोरी होईल." एवढे बोलून त्या टेबल आवरायला गेल्या. जाताना त्यांचे डोळे भरलेले होते.

 माफी मागायची होती. मी पाकिटावर पत्ता लिहायला घेतला.

पाचला संपत टपालाची थैली न्यायला आला. स्टेशनवर मेलच्या डब्यात टाकायची. मी एकेक पत्र नोंदवून थैलीत घातले. चारशे सोळा क्रमांकापर्यंत. मग पुण्याचे पाकीट हातात घेतले. अकरा वर्षे शाळेत आणि पाच महिने इथे, माझ्या हाताला आलेला कागद नोंदल्याशिवाय राहिला असे कधी घडले नाही. एकदा हे पाकीट खात्यात पोहोचले की परत बोलावता येत नाही. आणि नाही पाठवले तर आप्पांचा उद्याचा मजकूर कोणाबद्दल असेल हेही मला माहीत होते. तो अडवून धरायला खोलीत बाई नसणार.

संपत म्हणाला, "मास्तर, मेल यायची येळ झाली."

मी म्हणालो, "एवढंच आहे. ने."

पाकीट खणात टाकून कुलूप लावले. किल्ली दोनदा चुकीची लागली.

घरी शेवंताला सगळे सांगितले. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

शनिवार, ११ मार्च

सकाळी आठलाच ऑफिसात जाऊन बसलो. मेल चुकली, तिकिटे संपली, संपतला ताप आला, अशी चार उत्तरे तयार केली होती. आप्पा साडेनऊला आले. आत गेले नाहीत. माझ्या समोरच्या बाकावर, जिथे शेअरवाले शेतकरी बसतात तिथे बसले. डोळे तांबारलेले.

"कालचं टपाल गेलं?"

"बाकीचं गेलं. एक राहिलं." चारांपैकी एकही उत्तर तोंडातून आले नाही.

"ऱ्हायलं का ठिवलं?"

"ठेवलं."

बाहेर मालगाडीचे डबे आदळत होते. आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मास्तर, भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं. अजून वाटतंय."

"आना हिकडं." मी खण उघडून पाकीट दिले. त्यांनी ते फोडले नाही. दोन्ही बाजूंनी बघून सदऱ्याच्या खिशात घातले. "पोपटराव काल सांजच्याला जीपपतुर आलं. म्हनालं, आप्पा, ते पत्र माज्या घरी आलं असतं तर मी भांडगावचा एक बी शेअर दिला नसता. आन् माज्या पोरांनी तुमच्या पोरांचं तोंड बगितलं नसतं." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "मी लिवलं व्हतं ते खरंच. मला याद बी न्हाई, बगा."

तेवढ्यात दबोराबाई आल्या. हातात टाइपरायटरच्या कपाटाच्या किल्ल्या आणि एक पिशवी. आप्पांना बाकावर बघून दारातच थबकल्या. मग किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. मी त्या उचलून परत त्यांच्यापुढे केल्या. 

"बाई," मी म्हणालो, "माझं चुकलं. फार चुकलं."

त्यांनी आप्पांकडे पाहिले, मग माझ्या उघड्या खणाकडे. काय झाले ते त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्या पटकन खुर्चीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. दोन वर्षांत त्यांना असे कोणी पाहिले नव्हते. आप्पा उठून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. थोड्या वेळाने, तिकडेच बघत म्हणाले, "वही आना, बाई. दिल्लीला लिवायचं हाय. जरा दमानं सांगतो आज."

दोघे आत गेले. दार उघडेच राहिले.

काल सभा उठताना संचालकांनी टिपण सुधारून मागितले होते, ते दुपारी बसून पुरे केले. आकडे बदलले नाहीत. माझ्या गावच्या मास्तरला नव्वद रुपये मिळतात ते अजूनही मला अन्यायाचेच वाटते, आणि ते बाईंच्या पगारातून काढून भरून येणार नाही एवढेच आता कळले. ही गोष्ट सोडवणारा रकाना माझ्या तक्त्यात नाही. खाली शेऱ्याच्या जागेत मात्र स्वतःच्या अक्षरात लिहिले आणि सही केली:

"खासगी सचिवांचे काम मुख्य लिपिकाने स्वतः एक दिवस करून पाहिले आहे. दोनशे दहा रुपयांतही तो ते पुन्हा करणार नाही."